सोलापुरात नव्यानं रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी: भाषा, उपास, करदोटा आणि वॉर्डातलं बाकी सगळं

सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात भेटीच्या वेळी वॉर्डात उभं राहिलं, की एका खाटेपाशी मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे तेलुगू आणि दारात दखनी उर्दू ऐकू येते. सीमेपलीकडून इंडी, आळंद, अफझलपूरचे रुग्ण येतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. लातूर, बीड, नगरकडून किंवा थेट केरळमधून इथं रुजू झालेल्या सिस्टरला नाहीतर ब्रदरला सुरुवातीला गांगरायला होतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना शिकवायचं काम ज्यांच्या गळ्यात पडतं त्या इन्चार्ज सिस्टरसाठीही.

नर्सिंगच्या परीक्षेत तुम्ही मॅडेलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिकेचा सिद्धांत लिहिला असेल. पाच मार्कांना येतो, लिहून विसरायचा. पण त्यातला एक भाग ड्युटीवर रोज कामाला येतो. रुग्णाची कुठलीही रीत समोर आली, की तिचं तीनपैकी एक करायचं: आहे तशी राहू द्यायची, उपचाराशी जुळवून घ्यायची, किंवा जीवाला धोका असेल तर ती बदलायला रुग्णाला तयार करायचं. माझ्या अनुभवात पहिल्या दोन प्रकारांत बहुतेक गोष्टी बसतात. तिसऱ्यात बसणाऱ्या थोड्याच असतात, पण नवी सिस्टर घाबरून सगळंच तिसऱ्यात टाकते आणि मग नातेवाइकांशी वाद सुरू होतात.

पायरी पहिली: आडनावावरून काही ठरवू नका

केसपेपरवर ‘पाटील’ दिसलं म्हणून तो रुग्ण मराठाच असेल असं नाही. तो लिंगायत असेल, घरी कन्नड बोलत असेल. मुसलमान पाटीलही आपल्याकडे आहेत. अक्कलकोटकडच्या एखाद्या शेख आजोबांना हिंदीपेक्षा कन्नड सोपी जाते. ‘मुस्लिम रुग्ण असे, लिंगायत रुग्ण तसे, तेलुगू लोक अमुक’ असे तक्ते काही प्रशिक्षणांत वाटतात. माझ्या मते ते कपाटात ठेवावेत. त्यातलं निम्मं बरोबर असतं आणि उरलेलं निम्मं समोरच्या माणसाला लागू पडत नसतं. लिंगायत घरातला मुलगा अंडी खातो आणि मराठा घरातली माळकरी आजी कांदा-लसूणही खात नाही. विचारल्याशिवाय कळत नाही.

पायरी दुसरी: भरती करतानाच चार गोष्टी विचारा आणि लिहा

टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी घेतानाच हे होऊन जातं, वेगळा वेळ लागत नाही.

घरी कोणती भाषा बोलता, आणि वाचता कोणती? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सोलापुरात मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत. सातवी-आठवी शिकलेल्या बाईला मराठी संमतीपत्र वाचता आलं नाही, की आपण सरळ ‘निरक्षर’ लिहून अंगठा घेतो. तिला उर्दूत किंवा तेलुगूत झकास सही करता येत असते. अंगठा पुढं करायला सांगितल्यावर तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघा.

खाण्यापिण्यात काय चालत नाही, आणि सध्या कुठला उपास, रोजा, व्रत आहे का? अंगावरची कुठली वस्तू काढायची नाही? आणि तुमच्याबद्दल बोलायचं झालं तर तुमच्याशिवाय कोणाशी बोलू?

शेवटचा प्रश्न आधी रुग्णालाच विचारायचा, सोबतच्या मोठ्या आवाजाच्या माणसाला नाही. कुठं सासू निर्णय घेते, कुठं मामा, कुठं थोरला भाऊ. त्यांना सामील करून घ्या, पण सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती ही त्याचीच असते. गर्भपाताच्या बाबतीत तर कायदा स्पष्ट आहे: सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. ‘मालकांना बोलवा’ म्हणून तिला परत पाठवणारे अजूनही भेटतात.

ही चार उत्तरं केसपेपरवर एका कोपऱ्यात लिहा आणि ओव्हर देताना (पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना) सलाईन, युरिन आउटपुटच्या बरोबरीनं सांगा. ‘नऊ नंबर, तेलुगू, मुलगी संध्याकाळी येते, गुरुवारी उपास, गळ्यातलं काढायचं नाही.’ दहा सेकंदांचं काम आहे. नाहीतर सकाळी सिस्टरनं जुळवलेलं रात्रीच्या पाळीत विस्कटतं.

पायरी तिसरी: भाषा

चार-पाच वाक्यं प्रत्येक भाषेतली यायलाच हवीत. दुखतंय का, कुठं, जेवलात का, लघवी झाली का, घाबरू नका. कन्नडमध्ये दुखण्याला ‘नोवु’, तेलुगूत ‘नोप्पी’. इकडच्या कन्नडमध्ये ‘री’ लावलं की मान दिला जातो: बसा म्हणताना ‘कूडरी’, सांगा म्हणताना ‘हेळरी’. तेलुगूत सांगा म्हणायला ‘चेप्पंडी’. म्हाताऱ्या बाईला कन्नड घरात ‘अव्वा’, मुसलमान घरात ‘खाला’ किंवा ‘चाची’ चालतं, आणि ‘अक्का’ तर मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत चालते, त्यामुळे अडचणीच्या वेळी तीच वापरा. ‘ए म्हातारे’ आणि ‘ए बाई’ कुठल्याच भाषेत वापरू नका. वॉर्डातल्या मावशी आणि मामा (आया आणि वॉर्डबॉय) यांच्याकडून ही वाक्यं शिका. त्यांना आपल्यापेक्षा जास्त भाषा येतात आणि शिकवायला ते खूश असतात.

पण चार वाक्यांच्या जोरावर औषधाचा इतिहास घ्यायला जाऊ नका. तिथं दुभाषी लागतो, आणि दुभाषी कोण हे महत्त्वाचं. दहा वर्षांच्या नातवाला आजीच्या अंगावरून जाण्याबद्दल विचारायला लावणं दोघांनाही लाज आणणारं आहे. नवरा मध्ये असला की बाई मारहाणीबद्दल किंवा आधीच्या गर्भपाताबद्दल बोलत नाही. मावशींची मदत घेतली तर त्यांना आधी सांगा, हे ऐकलेलं चहाच्या वेळी निघता कामा नये. बोलताना बघायचं रुग्णाकडे, दुभाष्याकडे नाही. वाक्यं छोटी ठेवायची. रुग्ण दोन मिनिटं बोलला आणि दुभाष्यानं ‘काही नाही, बरं आहे म्हणते’ एवढंच सांगितलं, तर थांबवून पुन्हा विचारायचं.

डिस्चार्जच्या वेळचा एक नमुना सांगते. विडी वळणारी साठीतली बाई, साखरेची रुग्ण, तेलुगू बोलणारी. सिस्टर मराठीत समजावते: ही जेवणाआधी, ही जेवणानंतर, ही रात्री. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवते, ‘हां, हां’. सिस्टर खूश. मग इन्चार्ज तिच्या हातात गोळ्यांची पाकिटं देते आणि म्हणते, ‘आता तुम्ही मला दाखवा, उद्या सकाळी काय घेणार?’ बाई तिन्ही पाकिटांतली एकेक गोळी काढून तळहातावर ठेवते. सगळ्या एकदम, चहाबरोबर. तिला विड्यांच्या हिशेबात मध्येच उठून गोळी घेणं परवडत नाही, हे मग बोलण्यातून निघतं. पाकिटावर उगवता सूर्य, ताट आणि चंद्र काढून दिला, आणि ताटाच्या आधी की नंतर ते बाणानं दाखवलं, की काम होतं. मान हलवणं म्हणजे मोठ्या माणसांसमोर दिलेला मान असतो, समजल्याची पावती नाही. प्रत्येक डिस्चार्जला हे उलट विचारणं सवयीचं करा. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या कामगाराला तर बऱ्याचदा ऐकूच कमी येतं, आणि ‘भाषा कळत नाही’ असं आपण लिहून मोकळे होतो.

भाषेचा विषय निघाला की आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घ्यावंसं वाटतं. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथली भाषा शिकून त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं, एका चिनी परिचारिकेशी लग्न केलं आणि 1942 मध्ये तिथंच वारला. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. सुट्टीच्या दिवशी बघून या.

पायरी चौथी: अंगावरच्या वस्तू

वॉर्डातली निम्मी भांडणं इथं होतात. ऑपरेशनच्या आधी घाईत करदोटा कात्रीनं कापला, ताईत काढून ट्रेमध्ये टाकला, मंगळसूत्र ‘काढा काढा’ म्हणून ओरडून काढायला लावलं. डायथर्मी (विजेवर चालणारं कापायचं-डागायचं यंत्र) वापरताना अंगावर धातू नको, हे खरं आहे. पण ते आदल्या संध्याकाळी शांतपणे सांगता येतं. मंगळसूत्र नातेवाइकाच्या हातात द्या, केसपेपरवर त्याची सही घ्या. हाताला हळदीचा दोरा बांधून घेतला, की बऱ्याच जणींचं समाधान होतं. सलाईनचा हात सोडून दुसऱ्या हाताला, आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टरला आधी विचारून.

लिंगायत रुग्णाच्या गळ्यात इष्टलिंग (अंगावर धारण केलेलं छोटं शिवलिंग) असेल तर ते स्वतः हात लावून काढू नका. ते अंगापासून दूर होऊ नये अशी श्रद्धा असते. छातीच्या एक्स-रेसाठी ते बाजूला करायचं तर रुग्णालाच सरकवायला सांगा. ऑपरेशनला दंडाला बांधायचं की घरच्यांकडे द्यायचं, हे त्यांना ठरवू द्या आणि ठरलेलं ओटीला कळवा. बुरखा-हिजाबचंही तसंच: ओटीत जाताना हिजाबच्या जागी ओटीची टोपी घालता येते, ईसीजीला पडदा आणि बाई सिस्टर देता येते. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर बाई रुग्णाजवळ दुसरी बाई असणं हा रुग्णहक्क सनदेत दिलेला हक्क आहे, कुठल्याही धर्माच्या बाईचा. ब्रदर ड्युटीवर असताना कॅथेटर घालायचा झाला तर शेजारच्या वॉर्डातून सिस्टर बोलवा. पुरुष रुग्णालाही सिस्टरसमोर लाज वाटते, ते कोणी विचारत नाही.

जट हा इकडचा खास प्रश्न. केसांची गुंतून जट झाली की यल्लम्मा देवीनं बोलावलं असं मानणारी घरं आहेत आणि ती कापली तर अरिष्ट येईल ही भीती खरी असते. डोक्याला मार लागून टाके घालायचे असतील तर जट मध्ये येते. अंधश्रद्धा म्हणून तिथंच भाषण देऊन काही होत नाही. जीव वाचवायला लागतील तेवढे केस काढायला लागतील हे डॉक्टरांकडून सांगा, किती आणि कुठले ते दाखवा, शक्य असेल तर बाकीची जट बाजूला बांधा. कापलेली जट कचऱ्यात न टाकता घरच्यांना विचारून द्या. जट मुळापासून काढायची तयारी पुढं तिची तिलाच होऊ शकते, पण ते काम कॅज्युअल्टीतलं नाही.

पायरी पाचवी: उपास आणि ताट

आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरचा वारकरी, श्रावणी सोमवार करणारी बाई, रमजानचा रोजा, सूर्यास्तानंतर काही न घेणारा जैन रुग्ण. चौघांच्याही बाबतीत एकच प्रश्न: औषधाच्या वेळा बदलता येतील का? ते ठरवणार डॉक्टर, पण विचारायचं आपण. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा सरकवता येतात. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र न विचारता रुग्ण स्वतःच डोस गाळतो, म्हणून रमजानच्या आधीच विषय काढा. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे आकडे लिहून द्या. बोटातून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा मानतात. तरी तुम्ही धर्म शिकवायला जाऊ नका. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे हे त्यांना माहीत असतं. शंका असेल तर त्यांच्या मौलानांना फोन करू द्या, तो फोन आपल्या समजावण्यापेक्षा भारी पडतो.

उपासाच्या पदार्थांकडे लक्ष ठेवा. साबुदाण्यानं साखर चढते. किडनीच्या रुग्णाला बटाटा आणि शेंगदाणे यांतलं पोटॅशियम चालत नाही, आणि सोलापुरात उपास म्हटला की शेंगदाणे आलेच. ताटाबद्दल एवढंच: शाकाहारी रुग्णाच्या लॉकरवर शेजारच्याचं उकडलेलं अंडं ठेवू नका. कॅप्सूलचं आवरण बहुतेकदा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचं असतं, आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) साधारणपणे डुकराच्या आतड्यातून मिळवतात. कोणी विचारलं तर लपवू नका, डॉक्टरांशी बोलून पर्याय बघा, आणि जीव धोक्यात असताना पर्याय नसेल तर तेही सरळ सांगा.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाचा (मिरवणुकीतल्या उंच काठीचा) मान असलेल्या घरातला माणूस भरती असेल, तर तो संक्रांतीच्या दोन दिवस आधी ‘मला सोडा’ म्हणणारच. डामाची (डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी जातो अशी) सही घेऊन हात झटकू नका. तब्येत परवडत असेल तर तेवढ्यापुरतं कसं जाता येईल, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

पायरी सहावी: लेबर रूम आणि बाळंतीण

बाई ओरडते की दात आवळून गप्प राहते, यावरून तिचं दुखणं मोजू नका. चेहऱ्यांचा तक्ता दाखवा किंवा दहापैकी किती ते विचारा. ‘एवढं ओरडायला काय झालं’ हे वाक्य लेबर रूममधून हद्दपार व्हायला हवं. सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतपणाच्या वेळी सोबतीण असू देणं आणि सन्मानानं वागवणं आहेच. सोबतीण तिच्या भाषेची असली तर तुमचं निम्मं काम हलकं होतं.

बाळ झाल्यावर रीतींची रांग लागते. बाळाच्या कानात अजान म्हणायची आहे? एक-दोन मिनिटांचं काम, करू द्या. सटवीची पूजा घरी गेल्यावर होईल. काजळ घालायचंच असेल तर डोळ्यांत नको, तळपायाला तीट लावा, आजी हसून मान्य करते. मध, गुळाचं पाणी, घुटी मात्र नाही: पहिल्या तासात आईचं दूध, सहा महिने फक्त तेच. एक वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषानं होणारा जीवघेणा आजार) होऊ शकतो. नाळेला हळद, तेल, राख काही नको, कोरडी ठेवायची. हे सांगायचं सुनेला नाही, तिच्या सासूला, आणि ‘तुम्हाला काही कळत नाही’ या सुरात तर मुळीच नाही. बाळाला चाटवायचा मान आजीचा असतो. तिला दुसरा मान द्या, बाळ आईच्या छातीला लावायला तिलाच पुढं करा.

पायरी सातवी: वर्दीची भीती आणि जातीचा उर्मटपणा

सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग का आहे, हे नव्या लोकांना माहीत नसतं. 1871 मध्ये आलेल्या आणि पुढं इकडंही लागू झालेल्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जमातींना इथं तारेच्या कुंपणात डांबून हजेऱ्या घेतल्या जायच्या. कायदा 1952 मध्ये गेला, संशय गेला नाही. पारधी किंवा कैकाडी घरातली बाई भरती झाली, की शेजारच्या खाटेवरचे मोबाइल उशीखाली सरकवतात, ते तिला दिसतं. वर्दी आणि प्रश्नांची सरबत्ती यांनी ती बंद होते. प्रश्न का विचारताय ते आधी सांगा. गाव, पत्ता विचारताना चौकशीचा सूर येऊ देऊ नका. वॉर्डात काही हरवलं तर पहिली पिशवी तिची तपासली जाणार नाही, हे इन्चार्जनं बघायचं. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईकडे माता-बाल कार्ड नसतं म्हणून तिच्यावर ओरडणंही याच प्रकारचं. ती ऑक्टोबरपासून फडावर असते.

आता उलट बाजू. रुग्ण तुमचं आडनाव विचारेल, मग ‘दुसऱ्या सिस्टरला पाठवा’ म्हणेल. मावशींच्या हातचं पाणी नको म्हणेल. मुसलमान सिस्टरच्या हातची गोळी नको म्हणेल. हे संस्कृतीच्या नावाखाली सांभाळून घ्यायचं नाही. बाई रुग्णाला बाई सिस्टर हवी, ही लाजेची गोष्ट आहे आणि ती पुरवायची. जातीवरून किंवा धर्मावरून माणूस बदलून मागणं पुरवायचं नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या आचारसंहितेनुसार आपण जात-धर्म न बघता सेवा देतो, मग ती घेतानाही बघायची नाही. बोलायचं इन्चार्जनं, त्या सिस्टरनं एकटीनं नाही: ‘आज तुमच्या ड्युटीला याच आहेत.’ बस. नवीन मुलीला अशा वेळी ‘जाऊ दे, तू दुसरा वॉर्ड घे’ म्हणणं सोपं असतं, आणि ते चूक आहे.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, जी प्रशिक्षणात राहून जाते. सावळ्या त्वचेवर निळसरपणा आणि लाली नीट दिसत नाही. ओठ, जीभ, पापणीच्या आतली बाजू बघा. बेडसोअरची (पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची) सुरुवात रंगावरून कळत नाही, हाताला गरम किंवा टणक लागते. गडद त्वचेत पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, तेव्हा धाप दिसत असेल तर आकड्यावर विसंबू नका.

पायरी आठवी: मृत्यू झाल्यावर

इथं वेळ महत्त्वाची. बऱ्याच लिंगायत घरांत देह बसलेल्या स्थितीत दफन करतात. दोन-तीन तासांत देह आखडायला लागतो, मग बसवता येत नाही, म्हणून ते घाई करत असतात. त्यांना ‘जरा दम धरा’ म्हणण्याआधी कागद पुढं सरकवा. मुसलमान घरात डोळे मिटवून, हनुवटी बांधून, चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेकडे करतात. स्त्रीच्या देहाला बायकांनीच हात लावावा असं असतं, आणि दफन लवकर करायचं असतं. हिंदू घरात तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल द्यायचं असतं. ते अखेरच्या घटकेला करायचं असतं, म्हणून रुग्ण जाणार हे दिसत असेल तर नातेवाइकांना आत घ्या. ख्रिस्ती घर असेल तर फादरना येऊ द्या. नळ्या, कॅथेटर, पट्ट्या काढून देह स्वच्छ करून द्यायचा, सगळ्यांचाच. शवविच्छेदन व्हायचं असेल तेव्हा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही काढू नका.

अपघात, विषबाधा, भाजलेलं असेल तर पोलिस पंचनामा आणि शवविच्छेदन चुकत नाही. ते तुमच्या हातात नाही हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगा. तासभर ‘बघू, बघू’ करून मग सांगितलं, की जमाव चिडतो. प्रमाणपत्र कोण लिहितो, शववाहिका कोणाला विचारायची, आणि रात्री शवागाराची किल्ली कोणाकडे असते, हे रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच विचारून वहीत लिहून ठेवा.